धुतलेल्या पायांचं पाणी

पायी चालणाऱ्या माणसाला खोटं बोलता येत नाही; त्याच्या अंगातलं खोटं रस्ता पावलापावलानं काढून घेतो. हे वाक्य माझं आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी लातूरला आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या हॉलमध्ये मी ते उच्चारलं आणि चांगल्या टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे बहुतेक जण हॉलपर्यंत ऑटोनं आले होते. मीही.

मी एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होतो. परदेशात लोक लांबलांबच्या यात्रामार्गांवर पाठीला पिशवी लावून एकटे चालतात आणि परतल्यावर जाड पुस्तकं लिहितात. ती पुस्तकं कॉलेजसाठी मीच मागवायचो आणि मीच वाचायचो. देवावर माझा विश्वास नाही, पण पायांवर होता. म्हणून वयाच्या सहासष्टाव्या वर्षी माळेगाव ठरवलं. माळेगावचा खंडोबा नांदेड जिल्ह्यात; लातूरहून चाकूर, अहमदपूर करत नव्वदेक किलोमीटर. जत्रेला लोक झुंडीनं जातात, टेंपोनं जातात. सॅक लावून एकटं कुणी जात नाही.

बेंगळुरूच्या मुलानं सॅक आणि बूट पाठवले. बुटांच्या खोक्यावर बरंच काही छापलं होतं: बर्फात घसरत नाहीत, पाणी शिरत नाही, आत धूळ जात नाही. बर्फाचा प्रश्न लातूरला येत नाही. पाण्याचाही फारसा येत नाही. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो.

सत्कारांची मी जन्मभर टिंगल केली. मंडळानं शाल, श्रीफळ आणि माझा हात जोडलेला फोटो असलेलं फ्लेक्स पुढं केलं तेव्हा मात्र मी कॅमेऱ्याकडे बघून किंचित हसलो. सॅकच्या पट्ट्याला अध्यक्षांनी एक लाल बिल्ला टाचला. त्यावर लिहिलं होतं: ‘पदयात्री’. तो मी काढला नाही. मंडळाच्या वार्षिक अंकासाठी प्रवासाचं वर्णन लिहून द्यायचं मी तेव्हाच कबूल केलं होतं. ते हे.

लातूर ते चाकूर

पहिले दोन दिवस सांगण्यासारखं एवढंच की माणूस हौसेनं एकटा चालतो, यावर कुणाचाही विश्वास बसत नाही. आष्टा मोडाच्या अलीकडे एका मोटारसायकलवाल्यानं विचारलं, “गाडी बंद पडली काय?” पुढं दुसऱ्यानं पेट्रोल देऊ केलं. चाकूरला एका किराणा दुकानदारानं मला बाकावर बसवून पाणी दिलं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, हातात मोबाइल. त्यांनी बिल्ला वाचला, माझ्याकडे नीट बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “घरून रुसून निघालाव का?”

“नाही हो.”

“न्हाई, रुसला असाल तर फोन लावून देतो. सुनंसंगं झालं असंल.”

त्यांचं समाधान होईना म्हणून शेवटी मी म्हणालो, नवस आहे. लगेच सगळं सुरळीत झालं. त्यांनी आत सांगून भाकरी मागवली, सोबत करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. जेवताना मला वाटलं, हे खोटं नव्हे, ही नुसती सोय आहे. पुस्तकं वाचल्यामुळे असे शब्द पटकन सापडतात.

शिरूर ताजबंद

तिसऱ्या संध्याकाळी शिरूर ताजबंदला कांबळे सरांकडे उतरलो. सर निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या कॉलेजात शिकलेले, ग्रंथालयात रोज बसणारे आणि घेतलेलं पुस्तक वेळेवर परत करणारे. असे विद्यार्थी मोजकेच, म्हणून ते लक्षात राहिले. घरात समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली कपाटभर पुस्तकं. अंगणात बसून आम्ही येसराची आमटी आणि भात खाल्ला.

“आमच्या आजोबांनी छप्पन्न सालानंतर माळेगाव सोडलं,” सर म्हणाले. “तरी जत्रेत घोडी बघायला दरसाल जायचे. देवळाकडं पाठ करून हुबं राहायचे आन् घोडी बघायचे.”

मग त्यांनी बिल्ल्याकडे बोट केलं. “एक विचारू का सर? देव तुम्ही मानत न्हाई. मी बी मानत न्हाई. मी घरी बसून राहिलोय. तुम्ही का चालून राहिलात?”

मी म्हणालो, “बाकी काही खरं असो नसो, चालणं तरी खरं असतं.”

सरांनी मान डोलावली. “मग तेवढं खरं ठिवा,” असं म्हणून ते माझ्या पानात आणखी आमटी वाढायला लागले.

अहमदपूर

चौथा मुक्काम अहमदपूरला झाला. पाचव्या सकाळी निघण्याआधी बाटली भरायला मी एसटी स्टँडवर गेलो. पायाला एक फोड नव्हता, हे आधीच लिहून ठेवतो. ऊन चढलं नव्हतं. कंबर, गुडघे, छाती, सगळं ठीक होतं. काही दुखत असतं तर निदान कारण असतं.

फलाटावर नांदेड गाडी लागली होती आणि चालकाच्या मागची तिसरी खिडकी मोकळी होती. मी आत गेलो तो नुसता टेकायला. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलेलं वाक्य आहे, त्याची जबाबदारी घेत नाही. सॅक मांडीवर घेतली. गाडी सुरू झाली. उतरता आलं असतं. स्टँडच्या फाटकापाशी ती चांगली मिनिटभर थांबली होती. मी खिडकीची काच सरकवली, वारा आला, आणि मी डोळे मिटले.

कंडक्टर आला. त्यानं बिल्ला मोठ्यानं वाचला. “पदयात्री!” मग माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. “आधार कार्ड हाय का? हाय. एक पदयात्री, हाफ.”

मागच्या सीटवरच्या दोन बाया पदरात हसल्या. बारा किलोमीटर पुढं टाकवाडीची पाटी होती. आमच्याकडे गावाचा फाटा म्हणजे पाटी. तिथं उतरलो तर लोक बघतील म्हणून अलीकडच्या पुलावर गाडी थांबवायला सांगितली. कंडक्टरनं घंटी मारली आणि गंभीरपणे म्हणाला, “सावकाश उतरा. पाय जपा.”

टाकवाडी पाटी

पुलापासून पाटीपर्यंतचा अर्धा किलोमीटर मी लातूरहून निघाल्यापासून चाललो नव्हतो इतक्या पदयात्रीपणानं चाललो. पाटीच्या शेडमध्ये एक बाई उभ्या होत्या. साठीच्या, हिरवं लुगडं, कपाळावर भंडाऱ्याचा पिवळा पट्टा. बाजूला झाकलेल्या दोन घागरी. कडेवर एक मुलगी, आणि त्या मुलीचे केस असे की आधी केस दिसले, मग मुलगी. कपाळावरून नाकापर्यंत आले होते. चार रंगांच्या चार क्लिपा लावूनही आवरत नव्हते.

“दादा, माळेगावला का?”

“हो.”

“पायी?”

“हो.”

“घरापासनं पायीच ना? मधी कुठं बसलाव न्हाई ना गाडीत? बसला असाल तर तसं सांगा. च्या पाजते, पाणी देते, काई राग न्हाई. पर सांगा.”

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं आहे. दार उघडं होतं, आणि दारापलीकडे चहासुद्धा होता. मी म्हणालो, “लातूरपासून पायी.”

बाईंनी मुलीला खाली ठेवून दोन्ही हात जोडले.

त्यांचं नाव धुरपतबाई. घर पाटीपासून हाकेच्या अंतरावर. पोचेपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. नात आराध्या सातव्या महिन्यात जन्मली. नांदेडला दवाखान्यात काचेच्या पेटीत महिनाभर होती. तेव्हा धुरपतबाई खंडोबाला बोलल्या होत्या: पोर पेटीतून बाहेर आली, तर घरापासून माळेगावला पायी निघालेली पाच माणसं आमच्या घरी पाय धुऊन जेवतील, त्यानंतरच पोरीचं जावळ काढीन. पोर आली. माणसं येईनात.

“पैलं लई यायची,” त्या म्हणाल्या. “आता दिंडीतला झेंडा पायी आन् माणसं टेंपोत. तीन वर्षं त्या शेडात हुबी हाय मी. चार झाले. शनिवारी पोरीला तिसरं सरतं. तिसरं सरायच्या आत जावळ काढावं लागतं. तुम्ही पाचवे.”

सून दारातच होती. अर्चना. तिनं माझ्याकडे बघितलं, मग मुलीच्या केसांकडे. “आले का? बरं झालं बाई. काका, तुमचे लई उपकार. हिला जेवताना घासाबरूबर केस खावं लागतंय.”

लातूरला आमच्या फ्लॅटमध्ये पाहुणा आला की आम्ही दाराच्या डोळ्यातून बघतो आणि आत आल्यावर पाण्याची बाटली पुढं करतो. इथं मला पाटावर बसवलं, खाली पितळी परात ठेवली, आणि धुरपतबाईंनी माझे बूट-मोजे स्वतः काढले. मी नको नको म्हणत होतो. त्याचा अर्थ त्यांनी नम्रपणा असा घेतला. दोन घागरी पाणी त्यांनी सकाळी डोक्यावरून आणलं होतं. त्यातलं एक तांब्या, दोन तांबे, तीन तांबे माझ्या पायांवर गेलं. आठवड्याला नळ येणाऱ्या गल्लीतला माणूस मी. प्रत्येक तांब्याचा आवाज मला ऐकू येत होता.

परातीत पाणी नितळ होतं. बुटांनी खोक्यावरचं वचन पाळलं होतं. धुरपतबाई पाण्याकडे बघतच राहिल्या.

“बघ गं अर्चना. लातूरपासनं चालत आलेत आन् पाणी गढूळ झालं न्हाई. पुण्यवान पाय हायेत.”

त्यांनी बोटं बुडवून डोळ्यांना लावली. मग तेच पाणी नातीच्या कपाळावर लावलं. तिचे केस ओले झाले, क्लिप सुटली, आणि केसांच्या आतून दोन डोळे माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघितलं.

जेवायला चुलीतले रोडगे, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि गुळवणी. पोट भरल्यावरही दोन रोडगे घेतले, कारण नाही म्हटलं तर संशय येईल असं वाटलं. प्रवासात खोटेपणा पचवायला फार खावं लागतं.

माळेगाव

जेवून लगेच निघालो, पुढच्या गावात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उरलेला रस्ता खरोखर चाललो. जत्रा तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो: एका बाजूला घोडी, एका बाजूला गाढवं, मधे उंट, आणि सगळ्यांवर हळद. गाढवांचे दात बघून गिऱ्हाइकं वय ठरवत होती. देवळासमोर मी स्वतःचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत तीस जणांचे जोडलेले हात आले. अध्यक्षांनी लिहिलं, ‘सत्याचा प्रवास’. मी मोबाइल खिशात टाकला. तिथंच, “दादा! ओ दादा!” अशी हाक आली.

जावळं काढायला न्हाव्यांची रांग बसली होती. एकाच्या पुढं अर्चना मांडी घालून बसली होती, मांडीवर आराध्या, डोळे घट्ट मिटलेली. धुरपतबाई भंडाऱ्याची वाटी घेऊन उभ्या.

“खंडोबानंच पाठवलं तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “पाचव्याच्या हातानं भंडारा लागू द्या पोरीला. मग कात्री.”

न्हाव्याला घाई होती. त्यानं कपाळावरची एक बट आधीच छाटली होती. माझ्या चिमटीत भंडारा आला. पोरीनं डोळे उघडले. तीन वर्षांत पहिल्यांदा मधे केस नव्हते.

“बाई,” मी म्हणालो, “अहमदपूरपासून तुमच्या पुलापर्यंत मी एसटीनं आलो.”

कात्री थांबली. न्हावी म्हणाला, “काका, जावळाला आलाव का कोर्टात?”

अर्चना माझ्याकडे बघत राहिली. “एवढं पोटात ठिवलं होतं, आजून धा मिंटं ठिवता आलं न्हाई?”

धुरपतबाईंनी भंडाऱ्याची वाटी झाकली. मग विचारलं, “का बसलाव? पाय दुखले?”

“नाही.”

“ऊन लागलं? चक्कर आली?”

“नाही. खिडकी मोकळी होती.”

“खिडकी,” त्या म्हणाल्या.

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या सावकाश म्हणाल्या, “तुमच्या मागनं सांजच्याला दोघं आली. देवणीची. घरापासनं पायी, टाचा फुटलेल्या. त्यांला मी म्हनलं, बाबांनो, माझे पाच झाले, पाणी पिऊन जावा.”

भोवती हळद उधळत होती, कुणीतरी ‘येळकोट’ ओरडत होतं. मला उगाच कांबळे सरांच्या आजोबांची आठवण आली. त्यांनी पाठ केली होती ती सगळ्यांसमोर. मी सगळ्यांसमोर हात जोडून उभा होतो, आणि माझा फोटो ग्रुपवर होता.

“मी परत जातो,” मी म्हणालो. “जिथं बसलो तिथून चालत येतो. उद्या.”

“तुमचा इस्वास हाय का देवावर?” धुरपतबाईंनी विचारलं.

या वेळी मी खरं सांगितलं. “नाही.”

“मग ऱ्हाऊ द्या. माझा हाय. तुम्ही नुसतं चाला. उद्या शुक्रवार हाय, दुपारपर्यंत या. शनिवार हाय मला जावळाला.”

अर्चनानं पोरीला उचललं. सगळे केस शाबूत, फक्त कपाळावर मधोमध एक चौकोनी खिडकी. मी तो शब्द मनातसुद्धा आणणार नव्हतो, पण तिचा आकार तसाच होता.

पुन्हा अहमदपूर

शुक्रवारी पहिल्या गाडीनं अहमदपूरला गेलो. कंडक्टर तोच. बिल्ला मी काढून टाकला होता, तरी त्यानं ओळखलं. “आज उलटं?” एवढंच विचारलं आणि हाफ तिकीट फाडलं.

स्टँडवर त्याच फलाटापासून चालायला सुरुवात केली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हरभरा, करडई, मधेच ज्वारीचा पट्टा. एका विहिरीवर मोटार आणि मोटारीवर झोपलेला माणूस. चालताना खिडकीपेक्षा जास्त दिसतं असं लिहायचा मोह होतो. खिडकीतूनही हे सगळं छान दिसलं होतं. फरक एवढाच की बारा किलोमीटर चालायला तीन तास लागतात आणि त्या तीन तासांत दुसऱ्या कशाचा विचार करता येत नाही. पुलावर मी थांबलो नाही.

शेडमध्ये कुणी नव्हतं. घरी पोचलो तर अंगणात शेजारच्या दोन बाया आधीच येऊन बसल्या होत्या; बातमी माळेगावाहून माझ्या आधी आली होती. घागरी भरलेल्या होत्या. परात मांडलेली होती. कुणी ‘या’ म्हटलं नाही, पण पाट होता. मी बसलो.

या वेळी बूट मी स्वतः काढले. वरून ते धुळीनं पांढरे झाले होते, पण ते आठवडाभर पांढरेच होते. त्यातून काही सिद्ध होत नव्हतं. धुरपतबाईंनी एक तांब्या ओतला. दुसरा ओतला. सगळ्या जणी परातीवर वाकल्या. आराध्याही वाकली, चौकोनातून.

पाणी नितळ होतं.

मी पाय उलटसुलट करून बघितले. एक फोड नाही, एक भेग नाही, चिमूटभर माती नाही. तीन तासांचा एकही पुरावा माझ्या अंगावर नव्हता.

शेजारीण म्हणाली, “ह्या येळंला बी यष्टीच वाटतं.”

“मी चालत आलो,” मी म्हणालो. ते वाक्य त्या अंगणात मी आधीही वापरलेलं होतं, त्यामुळे त्याला काही वजन नव्हतं. बुटांबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. जो माणूस खिडकीसाठी गाडीत बसतो, त्यानं बुटांची तारीफ करायची नसते.

धुरपतबाई उकिडव्या बसून बराच वेळ पाण्याकडे आणि मग माझ्या तोंडाकडे बघत होत्या. अर्चना दारात पळी घेऊन उभी होती. पाच की चार, ते तिथं ठरणार होतं. दुसऱ्या दिवशी तिसरं सरणार होतं.

“आता कशाला खोटं बोलंल?” शेवटी त्या शेजारणीला म्हणाल्या. “त्येचं बोलून झालंय.”

त्यांनी बोटं पाण्यात बुडवली नाहीत, डोळ्यांना लावली नाहीत. परात उचलली, पाणी लिंबोणीच्या आळ्यात ओतलं आणि आत हाक दिली, “अर्चना, वाढ.”

भरीत तेच होतं. या वेळी दोनच रोडगे घेतले.

आराध्याचं जावळ शनिवारी सकाळी झालं. फोटो अर्चनानं पाठवला. मुलगी गुळगुळीत डोक्यानं, अतिशय संशयानं कॅमेऱ्याकडे बघते आहे. मंडळानं परतीचा सत्कार ठेवला तेव्हा मी हे सगळं वाचून दाखवलं. अध्यक्षांनी ते विनयाचं उदाहरण म्हणून गौरवलं आणि दुसरी शाल दिली.

घरी येऊन बुटांचं खोकं पुन्हा काढलं. आत धूळ जात नाही, असं त्यावर लिहिलं आहे. जात नाही.